एरंडेल

आमच्या मैदानाला वास होता.
ईथर, रॉकेल आणि एरंडेल,
काकडीच्या लोणच्याच्या बरणीत अंदाजाने हलवलेलं.
बायका म्हणत, ते शर्ट वेगळे भिजवा.
मोराव्हियातल्या त्या उतारावर, द्राक्षमळ्यांच्या वर,
दर रविवारी आम्ही नऊ जण
अंगठ्याएवढं इंजिन बोटाने फटकारत उभे.
लुबोरच्या तर्जनीवर सात व्रण होते,
कुठला कुठल्या इंजिनाचा, त्याला पाठ.

सुई पाव फेरा मागे, केसभर पुढे,
बाकी सगळं कानावर.
कान म्हणायचा: आता.
विमान धुराची रेघ ओढत वर,
आणि खाली कुचेरोवाबाईंच्या मधमाश्या
पेटीबाहेर यायला नकार देत,
असं निदान बाई गावच्या कचेरीला लिहीत.
एकोणीस पत्रं. फाइल माझ्याकडे आहे.

ओताकार शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा.
त्र्याऐंशी साली त्याने खेळण्यातली मोटर
आणि निकेल-कॅडमियमचे सात सेल
(वीटच ती, वजनाला)
विमानाच्या पोटात कोंबून आणले.
तीन मिनिटं दहा सेकंद,
कुंपणाइतकी उंची, मग गवतात.
आम्ही पोट धरून हसलो.
लुबोर म्हणाला, विमान कसलं, दाढीचं यंत्र!
ओताकारने वहीत वेळ लिहिली,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा
तसा बॅटरीला हात लावला
आणि सायकलवर टांग टाकली.
पुढच्या रविवारी तीन मिनिटं चाळीस.
आम्ही हसलो, पण कमी.

लिथियम आलं तेव्हा तो नव्हता.
त्याची नात राद्का आली,
फोमचं विमान काखेत मारून.
आक्रोडाएवढी मोटर. ब्रश नाहीत, ठिणगी नाही.
बुटाची नाडी बांधावी तशी तिने वायर जोडली
आणि हातातून सोडून दिलं.
ते सरळ वर गेलं.
सरळ म्हणजे आमच्या माना मोडेपर्यंत.
आम्हाला ओरडून बोलायची सवय,
आणि ओरडावं असा आवाजच नव्हता.
कुठून तरी चंडोल ऐकू आला;
तो तिथे आधीपासून होता म्हणे.

अकरा मिनिटं.
मी ओताकारची वही काढली,
त्याच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं.

आता लुबोरच्या खिडकीतल्या कुंडीत जिरेनियम नाही,
वाळूवर बॅटऱ्या चार्ज होतात,
न जाणो एखादी पेटली तर.
शर्ट एकत्रच धुतात.
इंजिन दमलं की खोकायचं,
वरूनच सांगायचं, उतरव मला.
ही मोटर काही म्हणजे काही बोलत नाही,
मनगटावरचं घड्याळ बोलतं.
इतकी वर्षं राबलेला कान
नुसता डोक्याला चिकटून बसलाय.

परवा कुचेरोवाबाई कुंपणाशी आल्या.
विसावं पत्र, आम्हाला वाटलं.
हातात मधाची बाटली होती.
"हल्ली रविवार कळत नाही," एवढंच म्हणाल्या
आणि उत्तराला थांबल्या नाहीत.

लुबोरने बॅटरी जोडली.
त्याचं बोट, त्याला न विचारता,
प्रोपेलरकडे निघालं.
"बोट! बोट मागे!" राद्का किंचाळली.
ते हवेतच थांबलं.
मग त्याने ते नाकाशी नेलं,
एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं,
आणि पुन्हा एकदा हुंगलं.