वेणीचं कार्ड

पाककृती ठेवायचा पत्र्याचा डबा, झाकणावर टोमॅटो.
आत माझे नाच. एका कार्डावर एक,
चौसष्ट मात्रांत बसेल तेवढाच.

व्हरमाँटचं उत्तर टोक, मार्च सरत आलेला,
ग्रेंज हॉलच्या दाराशी बुटांचा चिखल,
स्टोव्हपाशी कुणाचे तरी ओले मोजे.
फिडल सुरात लागतंय. पियानोवर एल्स्वर्थ,
नेहमीसारखा घाईत.
पुढचं कार्ड मी काढूनच ठेवलं होतं. साधंसंच.
तेवढ्यात रांगा लागल्या, आणि दिसलं:
अगदी वर ओडिल. बाराव्या जोडीत सिमोन.
दोघी रॉबिन.
(चंडोल आणि रॉबिन म्हणतो आम्ही आता,
बायका-पुरुष म्हणत नाही. कुणीही काहीही व्हावं.)

लाफ्लाम बहिणी. मेपलचं रान विकलं त्या सालापासून
एकमेकींशी शब्द नाही.
आता एक खाली सरकणार, एक वर.
मी बोटांवर मोजलं: सहावी फेरी.
रांगेत कुणाला टाळता येत नाही,
जो येईल त्याच्याशी नाचायचं.

हातातल्या कार्डावर साखळी होती:
दोन्ही रॉबिन मध्यात, उजवा हात उजव्या हातात,
ओढून घ्यायचं एकमेकींना पलीकडे.
ठेवलं परत.
दुसऱ्यातही साखळी. तिसऱ्यात
चौघांचे हात मध्यात, मनगटावर मनगट.
नको.
बँड माझ्याकडे बघतोय.
मग तळातून निघालं, कॉफीचा डाग पडलेलं, वेणीचं.

वेणीत हात लागत नाहीत.
चौघं नुसते चालतात,
मध्यात उजव्या खांद्याला उजवा, काठाला डाव्याला डावा,
कुणी कुणाला धरत नाही, आणि पेड पडत जातात.
मात्र बघावं लागतं.
समोरून कोण येतंय ते न बघता
वेणी घालून दाखवावी कुणी.

शब्द चार मात्रा आधी टाकायचा असतो,
पाऊल उचलण्याआधी.
नंतर आला तर तो नुसता उपदेश.
चार फेऱ्या मी टाकत राहिले,
पाचवीला माइक खाली केला.
जमिनीच्या फळ्याच आता सगळं सांगत होत्या.

सहावी.
पहिल्यांदा गेल्या खांद्याला खांदा,
दोघींची नजर भिंतीवरच्या घड्याळात.
काठाचा वळसा घेऊन परत मध्यात येताना
सिमोन चुकली. डावीकडून घुसली,
आणि उभीच राहिली,
मागचा चंडोल तिच्या पाठीवर येऊन थडकायचा बाकी.
ओडिलचे ओठ हलले.
फिडलखाली ऐकू काय येणार!
"उजवा" असावं.
"उजवा गं" असावं, पण त्या "गं"ची
मी शपथ घेणार नाही.
सिमोन सरकली. एक मात्रा गेली, पुढची सापडली.

सातवीला एक खाली, एक वर.
सुट्टीत सफरचंदाचा पाय खाल्ला दोघींनी,
वेगवेगळ्या टेबलांवर.
मी कोण विचारणारी? मी नाच सांगते.
कार्ड डब्यात सारताना कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं:
नवख्यांना चालेल.
एल्स्वर्थला सांगणे, जरा सावकाश.