रकाना क्रमांक सात

सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे उरकले
की हळदीच्या गोदामात आम्ही जमतो.
मंगळवारी, साडेआठला.
पोती भिंतीला सरकवली की अठरा बाय बारा फुटांची जागा होते,
आणि घरी गेल्यावर रुमाल पिवळा निघतो.
भिंतीवर पुराची रेघ आहे.
तिच्याखाली आम्ही खिळा मारत नाही,
का, ते कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

आज तालीम नव्हती. आज अर्ज होता,
धर्मादाय कार्यालयाचा, चार पानी.
नाव, पत्ता, सात विश्वस्तांची वयं,
सगळं भरलं मी, कार्यवाह म्हणून.
अडलं सातव्या रकान्यात:
संस्थेचा उद्देश (थोडक्यात).

थोडक्यात!
बारा वर्षांत आम्ही काहीच थोडक्यात केलेलं नाही.
चहासुद्धा.

उपळेकर म्हणाले, स्पर्धा.
प्राथमिक फेरीत चौथे आलो त्याला नऊ वर्षं झाली,
तो चौथा नंबर अजून त्यांच्या वरच्या खिशात आहे,
नीट घडी घालून.
अंगणवाडीतली रेहाना शिकलगार म्हणाली,
आमच्या गल्लीत बायका नऊनंतर मोकळ्या होतात.
तिथं न्या की नाटक. त्यांना कुठं येता येतंय स्पर्धेला?
पेंडीच्या दुकानातला सुकुमार उगारे म्हणाला,
लोकांना हसवा. रडून झालेलं असतं त्यांचं दुपारपर्यंत.
प्रणोती सगळ्यांत लहान. ती म्हणाली, काहीतरी नवं.
म्हणजे काय?
ते माहीत असतं तर नवं कसलं, काका?

मग उपळेकरांनी बँकेतल्या आवाजात सांगितलं, लिहा:
नाट्यकलेच्या माध्यमातून समाजाचा सर्वांगीण विकास.
मी लिहिलं. कच्च्या कागदावर, सुदैवानं.
रेहाना म्हणाली, माध्यम काढा, सलाईनची नळी वाटते.
सुकुमार म्हणाला, विकास काढा,
आमच्यासमोरचा रस्ता दोनदा खणलाय त्यानं.
प्रणोतीनं नुसतं विचारलं,
सर्वांगीण हा शब्द घरी कोण बोलतं?
नाट्यकला मीच खोडली, रागानं.
उरलं फक्त ‘समाजाचा’.
समाजाचा काय, ते कुणालाच पुढं सुचेना.

पावणेदहा झाले.
आवाज चढले, मग उतरले, मग नुसतेच पडून राहिले.
सुकुमारनं चपला घातल्या.
बारा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं,
हे इथंच संपेल, एका रकान्यात,
भांडण झालं असंही कुणाला म्हणता येणार नाही.

धुंडाप्पा तोलार काट्यावर बसून होता, किल्ल्यांचा जुडगा घेऊन.
आम्ही गेल्याशिवाय त्याला कुलूप लावता येत नाही,
म्हणून दर मंगळवारी तो असतो.
म्हणून, असं आम्ही समजत होतो.
तो म्हणाला,
ते गेल्या बारीचं पुढं काय झालं म्हनायचं?
ती पोरगी दार उघडती का न्हाई?

कुणी बोललं नाही.
तिसरा अंक लिहिलेलाच नव्हता.

उघडते, म्हणाली रेहाना. उघडणारच.
का म्हणून उघडेल? उपळेकर उठले.
सुकुमारनं चपला काढल्या.
पोती सरकली. काट्याचं पारडं झालं दार.
प्रणोतीनं ते चार तऱ्हांनी उघडून दाखवलं
आणि एकदा नुसता हात ठेवून उभी राहिली,
तेव्हा धुंडाप्पाच्या हातातला जुडगा वाजायचा थांबला.

सव्वाअकराला मी लिहिलं, पक्क्या अर्जावर, निळ्या शाईत:
ती दार उघडते की नाही,
हे सगळ्यांनी मिळून, आणि जो बघतोय त्याच्यादेखत ठरवणे.
रकान्यात मावलं नाही. शेवटचे दोन शब्द समासात गेले.

सह्या झाल्या.
उपळेकरांनी करताना सांगितलं,
स्पर्धेचा फॉर्म मी आणणार म्हणजे आणणार.
आणा, म्हणाली रेहाना, पण आधी आमची गल्ली.
ते पुढच्या मंगळवारी.

अर्ज परत येईल, लाल शेऱ्यानिशी.
साहेबांना विचारीन,
तुम्हाला काय वाटतं, उघडावं तिनं?