टॅपेट कव्हरचं पॅकिंग

फोंड्याचा मेस्त बॉनेट न उघडताच म्हणाला,
"साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो."
साहेब मस्कतला.
दोन वर्षांनी येतात, आले की गाडी धुतात.

म्हणून आज रविवारी, बोरीच्या अंगणात,
माडाखाली नाही, नारळ पडतात,
फणसाखाली तर नाहीच,
उघड्या उन्हात आठशे उभी केलीय.
बॉनेटची दांडी केव्हाच हरवली,
तिथे फुलं काढायची आकडी लावलीय.

कारण एवढंच, की जाईच्या कळ्यांना
जळक्या ऑइलचा वास यायला लागला.
पहाटे मागच्या सीटवर पाच टोपल्या,
आणि चढावर बॉनेटच्या फटीतून धूर.
अबोलीचं बरं, तिला स्वतःचा वास नाही
आणि दुसऱ्याचाही ती घेत नाही.
जाई मात्र सगळं पिऊन बसते.
"ही फुलं देवाला, की पेट्रोल पंपाला?"
नेत्रावतीने भर बाजारात विचारलं.

इनास तारवटी कुंपणापलीकडून बघत होता.
छत्तीस वर्षं बोटीच्या पोटात, इंजिनरूममध्ये.
समुद्र त्याने फारसा पाहिलाच नाही,
कान तेवढे तिथे ठेवून आला.
आता हात थरथरतात, म्हणून तो खुर्चीवर
आणि पाना माझ्याकडे.
मी विचारते ते त्याला ऐकू जात नाही,
तो सांगेल तेवढंच काम पुढे सरकतं.

"इंजिन निवलं? ना? मग आणखी एक चा."

वायर ओढायची नाही, टोपी धरायची.
कुठली कुठे ते कळावं म्हणून
गजऱ्याचाच दोरा बांधला:
एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी.
पहिला प्लग निघाला बिस्किटाच्या रंगाचा.
दुसरा तसाच, जरा जास्त भाजलेला.
तिसरा काळा, ओला.
इनासने तो चष्म्याला टेकेल इतका जवळ धरला,
हुंगला,
आणि मान हलवून माझ्या पदराला नाही,
स्वतःच्या लुंगीला पुसला.

मग कव्हर.
जुनं पॅकिंग रबर उरलंच नव्हतं,
नख लावलं की तुकडा पडायचा.
खोबणीतला एकेक कण केसांतल्या पिनेने काढला,
अर्धा तास गेला असेल, कंबर गेली.
आणि आत ते सगळं उघडं पडलं होतं,
मधाच्या रंगाच्या ऑइलात न्हालेलं.
अकरा वर्षं याच्या मागे बसून बाजाराला गेले.
इतकं नेटकं असेल असं वाटलं नव्हतं.

नवं पॅकिंग बसवलं. बोल्ट आधी बोटांनी,
मग पान्याने, थोडा हा, थोडा समोरचा.
"सवकास, बाय, सवकास."
मग "पुरे."
मी आणखी अर्धा आटा देणार
तोच त्याने चपलेने माझा पाय दाबला.

चावी फिरवली. एकदा खोकली, मग लागली.
इनास उठला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक
कव्हरवर टेकवलं,
लाकडी मूठ उरलेल्या चार दातांत धरली,
डोळे मिटले.
बराच वेळ तसाच. मला वाटलं, झोपला.
मग तीन बोटं वर केली.

मूठ पुसून मीही धरली दातांत.
डोक्याच्या आत, कानांच्याही मागे कुठेतरी
कुणीतरी पोहे कांडत होतं,
एकदाही चुकत नव्हतं.

करवंटीत एक वॉशर उरला.
आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.
"बोटीवरपण उरायचे," इनास म्हणाला,
आणि तो खिशात टाकून घरी गेला.

आता रात्री इंजिनाखाली पुठ्ठा सरकवलाय,
पहाटे बॅटरी घेऊन वाकून बघेन.
मस्कतहून फोन आला, दिवसभर काय केलंस?
फुलं ओवली, म्हटलं.
फोन धरलेल्या हाताची नखं
अजून काळीच होती.