आकसपट्टी

भूपालतात्यांच्या खिशात दोन फुटपट्ट्या असत.
एक खरी. दुसरीवरचा फूट केसभर लांब.
"धातू निवताना आखडतो रं.
त्याचं आखडणं त्याला आधीच देऊन ठेवायचं."
तिला ते आकसपट्टी म्हणत.
आकस कुणाचाच नव्हता तिच्यात.

उद्यमनगरात दिवसभर पंपांचे साचे कोरून
रविवारी ते माझ्या खोलीवर येत,
गाड्या बघायला.
व्हर्नियर सोबत असायचाच.
बस मोजली, मोटारसायकल मोजली.
"दोन्ही एकाच लांबीच्या? कुठला गाढव हा?"

मी सांगितलं: तिकडं विलायतेत एका शाळेत नियम होता,
काडेपेटीत मावेल तेवढंच खेळणं आणायचं.
कारखान्यातल्या एका बापानं
पोरीसाठी पितळेचा रोडरोलर केला, पेटीएवढा.
(पोरगी त्याआधी पेटीतनं कोळी न्यायची म्हणे.)
मग धंदा वाढला, पेटी तीच राहिली,
आणि बस असो की मोटारसायकल,
पेटीत बसेल ते माप.

"आणि ही त्रेचाळीसची भानगड?"
ती खेळण्यातल्या रेल्वेची, तात्या.
सात मिलिमीटरला एक फूट.
रूळ आधी आले, मोटारी मागनं.
तात्यांनी मान डोलावली.
पाच फूट चार इंचांचा माणूस.
"मंजे चौसष्टात मी केवढा?"
हिशोब त्यांनीच केला, तोंडी, आणि खूश झाले:
"बरोब्बर एक इंच! बाकी शून्य!"

एकोणीसच्या पुरात शाहूपुरीत पाणी शिरलं.
आठव्या दिवशी कुलूप उघडलं तर
पुठ्ठ्याच्या सगळ्या पेट्यांचा एक लगदा,
आणि लगद्यात एकशे बारा गाड्या,
चाकं फिरतायत.
पुण्याचा गिऱ्हाईक फोनवर म्हणाला,
बॉक्स नसतील तर निम्मे.
तात्या रॉकेलच्या चिंधीनं एकेक पुसत होते.
"चिखलाचे किती देतोय, इचार की त्याला."

एकच गाडी हातात येताच तुटली.
लढाईच्या आधीची, आजऱ्याच्या एका म्हातारीनं दिलेली.
पाण्यानं नव्हे;
जस्तात शिसं मिसळलं की
चाळीस-पन्नास वर्षांनी धातू आतून भेगाळतो.
तात्या तुकडे तळहातावर घेऊन बराच वेळ बसले.
मग एवढंच विचारलं:
"वितळवायला कोण होतं त्या दिवशी?"

तात्या गेले त्याला दोन वर्षं झाली.
परवा शिरोलीत शिफ्ट संपल्यावर
उरलेल्या जस्ताचा एक माणूस ओतला.
टोपी, खिसा, खिशात रेघेएवढी पट्टी.
गार झाल्यावर व्हर्नियर लावला:
एक इंचाला केसभर कमी.
आकस धरायचा राहिला.

रिजेक्ट, म्हणाले असते.
पुन्हा वितळव.

लाल ट्रकच्या शेजारी ठेवलाय.
दाराच्या कडीपर्यंत हात जेमतेम पोचतो.