बोहनी

आग विझली तेव्हा कुमासीच्या बाजारात
आमच्या ओळीत उरलं होतं ते एवढंच:
चेनचे पितळी दात,
वितळून एकमेकांत रुतलेली बटणं,
आणि माझ्या सुयांचा एक गठ्ठा, निळा पडलेला,
हात लावला की मोडणारा.

खरं सांगतो, त्या सकाळी
मला एका गोष्टीचं बरं वाटलं होतं.
फ्रिंपोमाची वही जळली होती.
दोऱ्याबटणांच्या ओळीची ती राणी.
राणी म्हणजे मुकुट नव्हे,
भांडण कुणाचंही असो, स्टूल तिच्या दारात.
तिच्या वहीत माझ्या नावापुढे नऊशे सेडी होते.
राखेत कोण वाचणार?

चौथ्या दिवशी तिने सगळ्यांना कडुनिंबाखाली बोलावलं.
रंगाच्या पालथ्या डब्यावर बसली, उजव्या हाताला पट्टी.
वाटलं, आता रडेल, नाहीतर सरकारला शिव्या घालेल.
म्हणाली,
"आधी माझं ऐका.
अक्राच्या टेटेचे मी अठरा हजार देणं लागते.
कागद जळला. मी नाही जळले."

मग बराच वेळ कुणीच नाही.
एक शेळी अर्धवट जळकं पोतं चघळत राहिली.

"दोनशे चाळीस," पोकुवा म्हणाली, "अदुकोचे."
मग अदुको. मग लेसवाल्या दोघी बहिणी, एकदमच.
एकाने चारशे सांगितले, खाली बसला,
थोड्या वेळाने पुन्हा उठला: "सहाशे."
कुणी हसलं नाही.

माझी पाळी आली. घसा कोरडा.
"नऊशे."
तिने मान वर केली.
"साडेआठशे. पन्नास तू ईस्टरला दिले होतेस."

म्हणजे सगळं तिला पाठ होतं.
पहिल्यापासून.

त्या आकड्यांची यादी घेऊन ती बसने अक्राला गेली.
टेटेने परत पाठवलं. पुन्हा गेली. पुन्हा परत.
तिसऱ्यांदा म्हणे त्याने विचारलं, तारण काय?
ती म्हणाली, "यांची वही जळली, उधारी जळली नाही.
आणखी काय हवंय?"

अर्धीच पोती आली.
दुधाच्या रिकाम्या डब्याने मापून तिने वाटली,
स्वतःचा डबा शेवटी, आणि तो काठापर्यंत भरला नाही.
सगळेच तगले असं नाही.
अदुको टेचिमानला गेला तो गेलाच;
त्याच्या जागेवर अजून पाणी साचतं.

छत्री उघडून मी मांडलं त्या दिवशी
पहिलं गिऱ्हाईक आलं ते शिंप्याचं पोर.
तीन सुया. अर्धा सेडी कमी.
बोहनी उधारीवर करू नये,
हे कुठल्याही बाजारात शेंबडं पोरही सांगेल.
"राहू दे," मी म्हणालो, "उद्या दे."

समोरून, दोरा गुंडाळता गुंडाळता,
मान न वळवता तिने विचारलं,
"काय रे, नाव काय तुझं?"
आणि कोऱ्या वहीचं पहिलं पान उघडलं.