मंगळवारची बाटली

आजवर मी साडेतीन कोटी माणसं मारली,
मुलुंडच्या गॅलरीत बसून, चहा निवेपर्यंत.
माझा विषाणू हिरवा होता, अंधारात चमकायचा,
दिवाळी अंकाच्या सोळा पानांत
जग संपवून वर उरायचा.

परळच्या जुन्या प्रयोगशाळेत आम्हा पाच विज्ञानकथाकारांना
बोलावलं, दोन दिवस, जेवणासकट,
तेव्हा वहीत शीर्षक आधीच लिहून नेलं होतं.

डॉ. निलोफर मुकादमांचा पहिलाच प्रश्न:
तुमच्या कथांत चादरी कोण धुतं?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
पाच जणांच्या मिळून एकवीस महामाऱ्या,
एकही परीट नाही.

मग एक रजिस्टर. प्लेगच्या साथीतलं,
कडा कसरीनं खाल्लेल्या.
नाव, चाळ, मजला, गाठ कुठे: काखेत, जांघेत.
शेवटचा रकाना मोडीत, त्यांनीच वाचून दाखवला:
गेली. गेली. गेला. गेली.
एका ठिकाणी 'गेली'च्या आधी
वेगळ्या शाईनं घुसवलेलं, 'गावी'.
"वाचली," किणीकर म्हणाले.
"गाव कुठलं ते लिहिलेलं नाही,"
डॉक्टर म्हणाल्या, आणि पान उलटलं.

जेवताना मी विचारलं,
समजा कुणी मुद्दाम सोडला,
तर सगळ्यात वाईट कुठला?
त्यांनी डब्याचं झाकण लावलं.
"ते मी सांगणार नाही.
आणि तुम्हाला सापडलं, तर तुम्हीही लिहू नका."
रागानं नव्हे. गॅस बंद केलात ना,
असं विचारावं तशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी वरळी, सांडपाण्याचं उदंचन केंद्र.
मनोहर घाडी. गमबूट, दोरीला बांधलेली बाटली.
"टॉवरचं काय न् कोळीवाड्याचं काय,
इथे आलं की एकच."
दर मंगळवारी सकाळी सहाला तो बाटली भरतो,
चिठ्ठी चिकटवतो, बर्फाच्या पेटीत ठेवतो.
अकरा वर्षं.
"सापडतं काही?"
"बऱ्याचदा नाही," तो म्हणाला, जरा ओशाळून,
पाहुणे आले आणि घरात
पुढे करायला काही नव्हतं, तसा.

रात्री मी हिरवा रंग खोडला. मग शीर्षक.
दोन दिवसांनी संपादकांचा फोन,
पानं राखून ठेवलीत, कथेत घडतं काय?
मंगळवार असतो, म्हटलं. एक माणूस बाटली भरतो.
मग?
मग बुधवार.