मुक्कामी गाडी

बत्तीस वर्षं मी मुक्कामी गाडीवर कंडक्टर.
आगार गारगोटी, शेवटचा टप्पा कुठलाही.
रात्री साडेनऊला रस्ता संपायचा, तिथे गाडी थांबायची.
ड्रायव्हर टपावर, मी मागच्या लांब बाकावर,
उशाला तिकिटांची पेटी, पैशाची थैली पोटाशी,
आणि शालन घरी, आतून कडी लावून.
निम्म्या रात्री तिच्या, निम्म्या महामंडळाच्या,
असा आमचा संसार.

आता हेदवीच्या नारळीत पाच कॅराव्हॅन उभ्या आहेत.
नऊ माणसं, सगळी पेन्शनवाली.
(माझी पेन्शन गोळ्यांपुरती. भाडं मुलानं भरलं.)
माघातच घामाच्या धारा. पत्रा दहाला तापतो.

मुल्लासाहेबांना समुद्रापेक्षा पाण्याच्या पायपाची काळजी.
शिरगुप्पे वहिनी दिवस बुडायच्या आत जेवून घेतात,
म्हणून सूर्यास्ताच्या वेळी
हात मोकळे असलेल्या त्या एकट्याच.
संडासाची टाकी रिकामी करताना
डॉक्टर पाटणे नाकाला रुमाल बांधतात;
चाळीस वर्षं पेशंटांना म्हणायचे, यात लाजायचं काय.
खासनीस एकटे आलेत. बुकिंग दोघांचं होतं.
सकाळी खुर्च्या दोन उघडतात,
एकीवर टॉवेल वाळत घालतात.

निघताना मी सगळ्यांना मोजतो. सवय.
एकदा दहा भरले.
पुन्हा मोजले नाहीत.

गाडी शालन चालवते.
बालवाडीतून सुटल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकली.
मला येत नाही. लोकांना खरं वाटत नाही,
पण मी रस्ता कायम मागून पाहिला,
माणसांच्या बगलांमधून,
एका हातानं दांडी धरून.
आता पुढच्या सीटवर बसलो की
काचेभर रस्ता अंगावर येतो.
मोहोर, चिऱ्याच्या खाणी, सुरंगीचे गजरे विकणारी पोरं,
सगळं आधी मलाच दिसतं.
असं बसायला मला अजून संकोच वाटतो.

तवसाळच्या जेटीवर गाड्या उलट्या चढवायच्या होत्या.
ओहोटी लागलेली, उतारावर शेवाळ.
चार चढल्या.
बोटीवरचा पोरगा म्हणाला, काकी उतरा, मी घेतो.
शालन म्हणाली, तू सीट मागे सरकवशील बाबा,
मग माझे पाय ब्रेकला पुरायचे नाहीत.
आणि काच वर केली.

मी उतरलो. मागे गेलो.
तोंडातून शब्द फुटेना, म्हणून पत्र्यावर थाप मारली.
दोन. गाडी मागे सरकली.
एक. जागच्या जागी थांबली.
दोन. दोन. एक.
खाली खाडीचं पाणी हिरवं, चाक आणि कठडा यांत वीतभर अंतर.
दोन, हळू मारलेल्या. हळू आली.
एक.

बोट सुटल्यावर विचारलं, तुला हे कुणी शिकवलं?
ती आरशातली धूळ पुसत होती.
म्हणाली, मुक्कामाहून पहाटे तुमची गाडी
आपल्या कोपऱ्यावरून जायची नाही का.
एक घंटी झाली की उतरताय,
मी आधणात कपभर पाणी वाढवायची.
दोनच झाल्या की थेट आगारात,
मग गॅस बंद करून पुन्हा पडायची.
बत्तीस वर्षं मला वाटत होतं
घंटी ड्रायव्हरला ऐकू जाते.

जयगडला उतरून रात्री मालगुंडला थांबलो.
बिछाना अरुंद, तिच्या गुडघ्याला तेलाचा वास,
सुरूमागे समुद्र कुणाशी तरी हुज्जत घालत असलेला.
मधेच दचकून जागा झालो,
अंधारात पोटाशी थैली चाचपली.
हाताला तिची बांगडी लागली.
ती झोपेतच म्हणाली,
सुट्टे नाहीत हो. झोपा.